पिसारोच्या गोठलेल्या शेतात सावल्या कुणाच्या?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. द्राक्ष निर्यातीच्या कामासाठी नेदरलँड्सला जाणं झालं. परतताना पॅरिसला थांबलो आणि ओर्से संग्रहालय पाहून घेतलं. चित्रकलेचं शिक्षण मला नाही. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, थोडा गहू, थोडा कांदा. मोनेच्या चित्रांपुढे उभं राहायला जागा नव्हती, म्हणून बाजूला सरकलो आणि कामील पिसारो ह्या चित्रकाराच्या एका चित्रासमोर आलो. मग तिथून हललोच नाही. सोबतचे लोक पुढची दालनं बघून परत आले तरी मी तिथेच.

चित्राचं नाव ‘जले ब्लांश’, साल १८७३. दव गोठून पांढरं झालेली सकाळ. आकार फार मोठा नाही, साधारण दोन फूट उंच आणि तीन फूट रुंद. एक नांगरलेला उतार आहे. नांगराच्या तासांच्या ओळी तिरक्या गेल्यात आणि शेतातून एक जुना रस्ता. त्या रस्त्यानं एक माणूस चाललाय, पाठीवर मोळी, हातात काठी. वर स्वच्छ, फिकं आभाळ. लांब क्षितिजाला थोडी झाडी. एवढंच. कुठं काही घडत नाही.

आणि त्या अख्ख्या वावरावर सावल्यांचे लांबच लांब पट्टे पडलेत. तास एका दिशेनं, सावल्या त्यांना छेदून दुसऱ्या दिशेनं. पण ज्या झाडांच्या त्या सावल्या, ती झाडं चित्रात नाहीत!

मी का थांबलो ते सांगतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की द्राक्षवाल्याला झोप नसते. मण्यांची फुगवण चालू असेल तर थंडीनं ती थांबते, मणी तडकायला लागतात. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की समजायचं, आज पहाट जड जाणार. मग भल्या पहाटे ठिबक सुरू करायचं, बागेत जागोजाग शेकोट्या करायच्या. उजाडलं की मी आधी बांधावरच्या गवताकडे बघतो. ऊन पोचलं तिथलं पांढरं लगेच सुटतं, गवत ओलं हिरवं दिसायला लागतं. झाडाच्या सावलीत मात्र ते तसंच कडक राहतं. सावली सरकली की तिच्या कडेनं पांढरा पट्टा थोडा वेळ मागे राहतो, मग तोही विरतो. हा खेळ जेमतेम अर्धा-पाऊण तास चालतो. तेवढ्या वेळात कळतं की रात्री किती नुकसान झालंय.

चित्रात नेमकी तीच वेळ आहे. सावलीचे पट्टे निळसर करडे, त्यांच्या मधली माती पिवळट तांबूस, हिरव्याची झाक मारणारी. ऊन आलंय पण त्याला अजून धग नाही. ते बघताना मला हाताला गारठा जाणवला, खरंच सांगतो.

घरी आल्यावर वाचलं की ह्या चित्राला त्या काळी समीक्षकांनी चांगलंच झोडपलं होतं. माझे प्रश्न असे: झोडपण्यासारखं ह्यात काय होतं? झाडं न दाखवता सावल्याच दाखवण्यामागे काय विचार असेल? आणि हा पिसारो शेतीतला माणूस होता की शहरातून येऊन चित्रं काढून परत जाणारा? जाणकारांनी सविस्तर लिहावं. लांबलं तरी चालेल.

रंगपेटी

कादवाकाठ, सावलीच्या कडेचा पांढरा पट्टा तुम्ही सांगितलात तसा मी कुठल्याही समीक्षेत वाचला नाही. हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला आणि पिसारो हा माझा सगळ्यात आवडता चित्रकार. म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो.

आधी झोडपण्याबद्दल. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये बुलव्हार दे कापुसीनवर, नादार ह्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत एक प्रदर्शन भरलं. सालों, म्हणजे पॅरिसचं सरकारमान्य चित्रप्रदर्शन, त्याच्या परीक्षकांना कंटाळलेल्या चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर भरवलेलं. मोने, रन्वार, देगा, सेझान, बेर्त मोरिझो, पिसारो. पिसारोची ५ चित्रं होती, त्यात हे एक. दहा दिवसांनी ‘ल शारिवारी’ ह्या विनोदी वृत्तपत्रात लुई लरुआनं प्रदर्शनाची टर उडवणारा लेख लिहिला. ह्या चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव त्याच लेखानं रूढ केलं. लेखात एक जुन्या वळणाचा चित्रकार लेखकाबरोबर प्रदर्शन बघत फिरतो आणि एकेका चित्रापुढे त्याचं डोकं फिरत जातं. ह्या चित्राशी आल्यावर आधी तो चष्म्याच्या काचा पुसतो. मग म्हणतो, हे तास? हे गोठलेलं दव? ही तर पॅलेट खरवडून मळक्या कॅनव्हासवर सारखी फासलेली खरड! ह्याला ना शेंडा ना बुडखा, ना वर ना खाली, ना पुढं ना मागं.

चेष्टा बाजूला ठेवून ह्या वाक्याकडे बघा, कारण त्या माणसाला दिसलं ते बरोबर होतं. तोपर्यंतच्या निसर्गचित्रात एक शिस्त असायची. दोन्ही कडांना मोठी झाडं, पुढचा भाग गडद, मधे उजेड, लांबवर निळे डोंगर. डोळ्याला कुठून आत जायचं आणि कुठं थांबायचं हे आखून दिलेलं. पिसारोनं ती आखणीच केली नाही. ढेकळाला जेवढा रंग तेवढाच रस्त्याला, तेवढाच माणसाच्या पाठीला. कुठलाच भाग मुख्य नाही. पुढे म्हातारपणी तो तरुण चित्रकारांना हेच सांगायचा: तुकड्या-तुकड्यानं रंगवू नका, सगळीकडे एकदम रंग ठेवत चला, आभाळ, पाणी, फांद्या, जमीन सगळं बरोबरीनं पुढं न्या. सालोंतल्या चित्रांना सरावलेल्या माणसाला अशा चित्रात उभं राहायला जागाच सापडेना.

आता तुमच्या सावल्या. तुमच्यासारखाच प्रश्न १८७४ मध्ये ज्यूल कास्तान्यारी ह्या समीक्षकाला पडला होता. हा ह्या मंडळींचा शत्रू नव्हे, त्यानं प्रदर्शनाबद्दल बरंच चांगलं लिहिलं. पण पिसारोबद्दल त्याच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या जमिनीवर काढणं ही मोठी चूक आहे, कारण बघणाऱ्याला ती झाडं मनानं कल्पावी लागतात. दुसरी, ह्याला भाजीपाल्याच्या मळ्यांचं भलतंच वेड आहे, कोबी काढायलाही हा मागंपुढं पाहत नाही.

पहिल्या तक्रारीला माझं उत्तर असं. शेताच्या कडेला उभा असलेला माणूस जमिनीकडे बघत असतो. वावर किती भिजलंय, काय उगवलंय, कुठं काय करपलंय. सावली त्याला दिसते, झाड त्याच्या पाठीशी किंवा बाजूला असतं आणि ते तिथं आहे हे त्याला माहीतच असतं. झाड दाखवायचं तर पिसारोला लांब जाऊन उभं राहावं लागलं असतं. मग ते वावर लहान झालं असतं आणि ते लांबून बघितलेलं दृश्य झालं असतं. त्यानं उभं राहायची जागा सोडली नाही. तुम्ही तिथं थांबलात ह्याचं कारण मला वाटतं हेच आहे: चित्रात तुम्ही जिथं उभे असता, तिथूनच ते रंगवलंय.

रंगाचंही सांगतो, कारण ते मला रोज शिकवावं लागायचं. एलिमेंटरीच्या परीक्षेला मुलं बसवली की स्मरणचित्रात सावली आली रे आली की पोरं काळ्या रंगाच्या बाटलीकडे हात नेतात. मी त्यांना सकाळी पटांगणात नेऊन सिमेंटच्या पांढऱ्या कट्ट्यावर पडलेली सावली बघायला लावायचो. वर आभाळ स्वच्छ असलं की सावलीत निळं दिसतंच. कारण थेट ऊन अडलेलं असतं, पण निळ्या आभाळाचा उजेड तिथं पोचत असतो. जमीन पांढरी असेल तर हे फारच ठळक होतं. म्हणूनच इम्प्रेशनिस्टांनी बर्फाची आणि गोठलेल्या दवाची इतकी चित्रं काढली. पांढऱ्यावर उजेडाचे सगळे रंग उघडे पडतात. पिसारोच्या सावल्यांत म्हणून काळं नाही. निळं आहे, करडं आहे, जरासं जांभळं आहे. रंग कोरडा आणि जाड लावलाय, ब्रशचा फटकारा तासाच्या दिशेनं ओढलाय. लरुआला खरवड वाटली ती हीच. नांगरलेल्या मातीचा पोत गुळगुळीत रंगानं आणता येत नाही.

हे उघड्यावर बसून करता आलं ह्याला एक साधं कारणही आहे. १८४१ मध्ये जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. ते फुटायचे, वाळायचे. ट्यूब आली आणि चित्रकाराला पेटी खांद्याला लावून बांधावर जाता आलं.

आता तिसरा प्रश्न. पिसारो शेतकरी नव्हता. १८३० मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर, एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. बेट तेव्हा डेन्मार्कचं. वडिलांच्या दुकानात काम केलं, बंदरावर बसून चित्रं काढली, मग एका डॅनिश चित्रकाराबरोबर व्हेनेझुएलाला गेला आणि १८५५ मध्ये पॅरिसला आला. पण पुढचं बरंचसं आयुष्य त्यानं गावांत काढलं: लुव्हसिएन, पोंत्वाज, ओनी आणि शेवटी १८८४ पासून एरान्यी. त्याची बायको ज्युली ही बर्गंडीतल्या द्राक्षमळेवाल्यांची पोर, पिसारोच्या आईकडे स्वयंपाकघरात कामाला होती. घरच्यांचा विरोध होता. १८७१ मध्ये, फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे इंग्लंडला आश्रयाला असताना त्यांनी लग्न केलं. चित्रं विकली जात नसत तेव्हा ज्युलीनं परसात भाजी लावून, कोंबड्या आणि ससे पाळून पोरांची पोटं भरली. तेव्हा शेतकरी नसला तरी तो शेतकऱ्यांचा शेजारी होता. त्याच रस्त्यानं जाणारा, त्याच बाजारात घेणारा.

त्या युद्धात त्याच्या लुव्हसिएनच्या घरात प्रशियन सैनिकांनी तळ ठोकला. मागं राहिलेली वीसेक वर्षांची चित्रं बहुतेक सगळी नासली. काही तर अंगणातल्या चिखलात पाय ठेवायला अंथरली होती. शेकड्यांनी होती, त्यातली मोजकी वाचली. तुम्ही पाहिलंत ते चित्र त्यानंतर दोनच वर्षांनी काढलेलं आहे. आणि प्रदर्शन उघडायच्या नऊ दिवस आधी त्याची लहानगी मुलगी, मिनेत, गेली. लरुआचा लेख छापून आला तेव्हा त्या घरात काय चाललं असेल, ह्याचा विचार केला की मला तो लेख वाचवत नाही. पुढं इम्प्रेशनिस्टांची एकूण ८ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा एकटा पिसारोच.

कोरडवाहू

सर, छान लिहिलंत. पण मला एक बोलायचंय. मी बीड जिल्ह्यातला. माझी आई डोंगरातून मोळ्या आणायची, त्यामुळे ह्या चित्रात मी आधी सावल्या बघितल्याच नाहीत, माणूस बघितला.

आणि त्या माणसाच्या पाठीवर वजन आहे असं मला वाटत नाही. मोळी आणणाऱ्याची मान कशी होते, मला माहीत आहे. गुडघा जरा वाकतो, पाऊल टाकताना आधी टाच नाही टेकत, सगळा पंजा एकदम टेकतो. दोर खांद्यात रुततो, त्याला फडक्याची घडी लावावी लागते. इथं तो माणूस म्हणजे शेतात रंगाचे चार ठिपके. चेहरा नाही. त्या थंडीत तो कुठून निघाला, लाकडं स्वतःच्या चुलीला चाललीत की विकायला, काही कळत नाही.

ह्याच्या उलट मिले ह्या चित्रकाराचं, कापणीनंतर शेतात उरलेला सरवा वेचणाऱ्या बायांचं चित्र घ्या, १८५७ चं. तेही ओर्सेतच आहे. तीन बाया, अगदी पुढं, मोठ्या. कंबरेत वाकलेल्या. मागं लांब मालकाच्या गंज्या आणि भरलेली गाडी, इथं हातात चार काड्या. बघणाऱ्याला पळायला जागा नाही. पॅरिसचे पैसेवाले ते बघून घाबरले होते म्हणतात, आणि घाबरण्यासारखंच आहे ते. मिले स्वतः नॉर्मंडीच्या शेतकऱ्याच्या घरचा, लहानपणी शेतात राबलेला. त्याला कंबर माहीत होती.

पिसारोला उजेड माहीत होता हे मान्य. पण गावाचं रोजचं जगणं म्हणजे उजेड नव्हे. खेड्याचं चित्र म्हणून विचाराल तर मी मिलेच्या बाजूनं उभा राहीन.

सांजवात

कादवाकाठ दादा, मी सर्जीला राहते. पोंत्वाजला अगदी लागून, दोन्ही मिळून आता सर्जी-पोंत्वाज म्हणतात. तुमच्या चित्रातला रस्ता म्हणजे पोंत्वाजहून एनरी गावाकडे जाणारा जुना रस्ता. पॅरिसहून इथं लोकल गाडीनं तासाभरात येता येतं. गावात पिसारोच्या नावाचं संग्रहालयही आहे.

उलट्या बाजूनं, म्हणजे शहर संपून एनरीकडे निघालं की अजूनही एकदम मोकळं होतं. व्हेक्सँचं पठार लागतं. गहू, बीट, मोहरी. हिवाळ्यात सकाळी साडेआठच्या पुढं कुठं उजाडतं, सूर्य वर चढतच नाही, कडेकडेनं जातो. त्यामुळे सावल्या दुपारीसुद्धा लांब असतात. आणि गोठलेलं दव तुम्ही म्हणता तसं अर्ध्या तासात नाही जात. सावलीतलं तर कधी कधी दिवसभर राहतं. म्हणून चित्रातली वेळ भल्या सकाळचीच असेल असं नाही, तो मोळीवाला चांगलं उजाडल्यावर, अकराच्या सुमारासही जात असू शकेल. फक्त ऊन तेवढंच असतं, धग नसलेलं. हे मात्र अगदी तसंच आहे.

रंगपेटी सरांनी कोबीचं लिहिलंय त्यावर एक भर घालते. कास्तान्यारीला कोबीचा राग आला, पण पोंत्वाजचा कोबी ही इथली नावाजलेली जात आहे. थंडीत तयार होणारा, सुरकुतलेल्या पानांचा, पानांवर जांभळट छटा असलेला. गारठा लागला की तो जास्त गोड होतो असं इथले भाजीवाले सांगतात, आणि मी करून पाहिलाय, खरंच होतो. नुसत्या मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतला तरी चव वेगळी लागते. पोंत्वाजचे मळेवाले पॅरिसच्या बाजाराला भाजी पुरवायचे. म्हणजे पिसारो कोबी काढत होता तेव्हा तो ह्या गावाची रोजीरोटीच काढत होता. १८७३ मध्येच त्यानं कोबीच्या शेताचं एक सुंदर चित्र केलंय, ते माद्रिदला आहे.

आणि कोरडवाहू दादांच्या म्हणण्यावर थोडं. त्याच वर्षी पिसारोनं इथल्या नदीकाठच्या डिस्टिलरीचीही चित्रं काढली, ओआझ नदी, गवताचा काठ आणि पलीकडे धूर सोडणारी धुराडी. तेव्हा खेडं बदलत होतं आणि तो ते लपवत नव्हता. आज त्या काठावर फिरताना कारखान्याचा भाग आणि शेताचा भाग इतके जवळ दिसतात की त्यानं दोन्ही काढलं नसतं तर मला ते खोटं वाटलं असतं.

रंगपेटी

कोरडवाहू, तुमचा आक्षेप खरा आहे. मिलेचं ते चित्र महान आहे आणि वजनाच्या बाबतीत ‘जले ब्लांश’ त्याच्या जवळपासही जात नाही. मी दोघांची तुलना वर्गात मुद्दाम लावायचो.

पण पिसारोला हे माहीत होतं, आणि त्यानं तो रस्ता समजून-उमजून सोडला असं मला वाटतं. १८८० नंतर त्याच्या चित्रांतली माणसं मोठी व्हायला लागली: बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बाया, गवत उलटणाऱ्या, सफरचंदं तोडणाऱ्या. लगेच सगळे म्हणायला लागले, हा तर मिले! त्यावर १८८२ मध्ये त्यानं समीक्षक द्युरेला पत्रात लिहिलं की सगळे माझ्या अंगावर मिले फेकतात, पण मिले बायबलमधला होता आणि मी ज्यू असूनही त्या मानानं फारच कमी तसा आहे. ह्यात त्याची भूमिका आली. मिलेच्या बाया बघताना आपल्याला त्यांच्या नशिबाबद्दल काही पवित्र, मोठं वाटायला लागतं. पिसारोला त्यांना तसं मोठं करायचं नव्हतं. त्याच्या चित्रांत बाया काम करता करता थांबतात, बोलतात, कुंपणाशी टेकतात, झाडाखाली बसतात. कामाला मधे विसावा असतो, कामकरी माणसाला स्वतःचा वेळ असतो.

आणि हे राजकारण न कळणाऱ्या माणसाचं नव्हतं. पिसारो अराजकवादी होता, उघड आणि आयुष्यभर. १८८९ मध्ये त्यानं आपल्या भाच्यांसाठी २८ रेखाटनांचा एक संच केला: सावकार, भुकेलं पोर, आत्महत्या, शिवणकामाच्या कारखान्यात कोंबलेल्या बायका, शेवटी बॅरिकेड. त्यात तुम्ही म्हणता ती कंबर आहे, आणि ती सगळी शहरातली आहे. खेडं रंगवताना मात्र जगणं कसं असावं हेही त्याच्या डोळ्यापुढं होतं. त्यामुळे तुम्हाला त्याच्या मोळीवाल्यात वजन कमी दिसलं तर ते दिसणारच.

तरीही एक सांगतो. मोळीवाल्याला मध्यभागी, मोठा, एकटा काढला असता तर सावल्यांचे पट्टे आणि तास मागचा पडदा झाले असते. आता तो त्या वावराचा आहे. सावली मातीवर जशी पडते तशीच त्याच्याही वाटेवर पडते. मला हे त्या माणसाला कमी लेखणं वाटत नाही.

कोरडवाहू

सर, भाच्यांसाठी काढलेल्या चित्रांचं माहीत नव्हतं. ती बघतो. मोळीवाल्यावर मात्र माझं मत तेच. चेहरा नको, पण खांदा तरी पाहिजे होता. बाकी तो वावराचा आहे हे म्हणणं पटलं.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्युलीचं माहेर द्राक्षमळ्यातलं होतं हे वाचून घरात मंडळींना सांगितलं, त्यांनाही बरं वाटलं.

कोरडवाहू भाऊ, तुमचं म्हणणं डोक्यात राहील. मी चित्रात माती बघितली आणि तुम्ही माणूस, दोघंही शेतातलेच. ताई, सावली दिवसभर पांढरी राहते हे ऐकून जरा हादरलो. आमच्या बागेला असा एक दिवस परवडणार नाही.

शेवटचं एक विचारतो. आम्ही थंडीत शेकोट्या करतो म्हटलं होतं. पिसारोनं असं कधी काढलंय का, शेतातली शेकोटी? आणि पुन्हा नेदरलँड्सला जाणं होणारच आहे. तिथं त्याचं काही बघायला मिळेल का?

रंगपेटी

काढलंय, आणि ते ओर्सेकडेच आहे. १८८८ चं चित्र, जवळजवळ चौकोनी, प्रत्येक बाजू ३ फुटांच्या वर. गोठलेलं दव पडलेलं शेत, पुढं एक तरुण पोरगी काटकी वाकवून मोडतेय, जाळात घालायला. शेजारी एक लहान मूल ऊब घेतंय. मागं गायी. धूर आणि ज्वाळा वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या. कोरडवाहू, ह्यात खांदाही आहे, पोरीचा सगळा जोर त्या काटकीवर आलेला दिसतो.

हे चित्र तुम्हाला एकदम वेगळं वाटेल. तेव्हा तो सरा आणि सिन्याक ह्या निम्म्या वयाच्या चित्रकारांबरोबर शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी ठेवून रंगवत होता. पन्नाशी उलटलेला माणूस पोरांकडून नवं तंत्र शिकतो, त्यापायी गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघं नाराज होतात, तरी चार-पाच वर्षं ते सोडत नाही. पुढं सोडलं ते ठिपक्यांनी काम फार हळू होतं आणि समोरचा निसर्ग तोवर बदलून जातो म्हणून. ह्या चित्रात मात्र ठिपक्यांचा उपयोग फार सुंदर झालाय. जाळाजवळची हवा हलताना आपल्याला दिसते ना, ती दिसते. जवळ जाऊन आधी ठिपके बघा, मग पाच-सहा पावलं मागं सरकून बघा.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉग संग्रहालयात त्याचं एरान्यीच्या शेतातलं गवत उलटणाऱ्या बायांचं चित्र आहे, १८८७ चं. तेही ठिपक्यांच्याच काळातलं, पण उन्हाळ्यातलं. संग्रहालयं चित्रं आत-बाहेर करत असतात, कधी दुसऱ्या देशात प्रदर्शनाला पाठवतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर ते भिंतीवर आहे ना, बघून घ्या. ॲमस्टरडॅमची तिकिटं आधी ऑनलाइनच काढावी लागतात.